टायरमधील हवेचा योग्य आकडा ठरवताना आलेला माझा अनुभव

मार्च महिन्यात अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांची दिशा सरळ करून घेण्यासाठी, गाडी टायरच्या दुकानात नेली, तेव्हा तिथल्या कारागिराने पुढच्या डाव्या चाकावरून तळवा फिरवला आणि मलाही तिथे हात लावून पाहायला सांगितले. मधल्या पट्ट्यातील नक्षी बोटाला चांगली खोल लागत होती. दोन्ही कडांना मात्र टायर जवळजवळ गुळगुळीत झाला होता. अलाइनमेंट बिघडली असती तर बहुधा एकच कड झिजली असती, दोन्ही कडा सारख्या झिजल्या म्हणजे गाडी बरेच दिवस कमी हवेवर चालली आहे, असे त्याने सांगितले. मला हे पटेना, कारण दर पंधरा दिवसांनी पेट्रोल पंपावर हवा तपासून घेण्याचा माझा नेम कधी चुकलेला नव्हता.

मे महिन्यात आई, बाबा, पत्नी आणि मुलगा अशा सर्वांना घेऊन पुण्याहून नागपूरला सासुरवाडीला जायचे ठरले होते. सातशे किलोमीटरहून अधिक अंतर, त्यातला मोठा भाग समृद्धी महामार्गावरचा, आणि विदर्भातला मे महिना. झिजलेले पुढचे दोन्ही टायर मी लगेच बदलले, पण नव्या टायरमध्ये हवा किती ठेवायची हे नेमके कळल्याशिवाय कुटुंबाला त्या रस्त्यावर न्यायचे नाही, असे मनाशी पक्के केले.

विचारपूस केली तेव्हा प्रत्येकाचा आकडा वेगळा निघाला. पंपावरचा मुलगा सगळ्याच लहान गाड्यांत ३० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) भरत होता. नवे टायर बसवणाऱ्याने ३५ ठेवा म्हणून सांगितले. एका मित्राने टायरच्या बाजूवर कोरलेला ५१ पीएसआय हा आकडा दाखवला आणि ४०पर्यंत भरायला काहीच हरकत नाही, असे सुचवले. तो ५१चा आकडा म्हणजे त्या टायरला सोसणारी कमाल मर्यादा. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या अनेक गाड्यांना बसतो, त्यामुळे माझ्या गाडीला किती हवा लागते हे टायरवर लिहिलेले असूच शकत नाही. ते गाडीवर लिहिलेले असते.

चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर मधल्या खांबावर खालच्या अंगाला एक स्टिकर दिसला. इतकी वर्षे गाडी वापरूनही मी तो कधी वाचला नव्हता. त्यावर दोन रकाने होते. तीन माणसांपर्यंत पुढे आणि मागे २२० केपीए (दाबाचेच दुसरे एकक). पाच माणसे आणि सामान असेल तर पुढे २३० आणि मागे २५०. एक पीएसआय म्हणजे साधारण ६.९ केपीए, या हिशेबाने पहिला रकाना ३२ आणि ३२ असा झाला, तर दुसरा पुढे ३३ आणि मागे ३६ असा. म्हणजे एकच योग्य आकडा नव्हताच. गाडीत किती माणसे बसणार आणि डिकीत काय भरणार, यावर तो ठरत होता, आणि पंपावर हे मला आजवर कोणीही विचारले नव्हते.

स्टिकरवरचे आकडे थंड टायरचे असतात, हे या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली असावी, तरच मोजलेला आकडा धरायचा. चाक फिरू लागले की टायर तापतो, आतली हवा तापते आणि दाब वाढतो. तापमानात साधारण साडेपाच अंशांची वाढ झाली की एक पीएसआय वाढतो. माझ्या नेमातली चूक इथे उघड झाली. मी नेहमी कार्यालयातून परतताना, दुपारच्या उन्हात बारा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून पंपावर जात असे. तापलेल्या टायरमध्ये मोजून ३० ठेवले, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ते २६-२७वर येणार. इतके दिवस मी इमानेइतबारे कमी हवा भरून घेत होतो.

मग हवेचा दाब मोजणारा एक चांगला गेज विकत घेतला आणि गाडीच्या चार्जिंग सॉकेटवर चालणारा लहान पंपही आणला. पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही चाके मोजली. व्हॉल्व्हचे झाकण काढून गेज तिरका लावला तर हवा सुटते आणि आकडा खोटा येतो. तो सरळ आणि घट्ट दाबून धरावा लागतो, हे दोन-तीन प्रयत्नांत हाताला कळले. पुढचे दोन २७ आणि २६, मागचा उजवा २७, आणि मागचा डावा २३. सगळ्यांत ३२ भरले. चार दिवसांनी पुन्हा मोजले तेव्हा तीन जागेवर होते आणि मागचा डावा २९वर उतरला होता. साबणाचे पाणी करून व्हॉल्व्हच्या तोंडावर थेंब सोडला; क्षणभर काहीच दिसले नाही, मग मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला आणि त्याच जागी दुसरा उगवला. पंक्चरवाल्याने व्हॉल्व्हची पिन बदलून दिली आणि गळती थांबली. एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सकाळचे ऊन ज्या बाजूला पडे, त्या बाजूची चाके एक पीएसआय जास्त दाखवत, म्हणून त्यानंतर मी ऊन येण्याआधीच मोजू लागलो.

नायट्रोजन भरून घ्यावा का, हेही पाहिले. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि हवा थोडी सावकाश कमी होण्यापलीकडे रोजच्या गाडीला त्याचा फारसा लाभ नाही, असे माझे मत झाले. स्टेपनी मात्र सोडू नये. माझ्या स्टेपनीत जेमतेम २० होते. तिच्यात ३६ भरून ठेवले, कारण वाटेत ती पुढे लागेल की मागे, हे आधी सांगता येत नाही.

कमी हवा इतकी घातक का, हे समजल्यावर माझी काळजी वाढली. माझ्या मापाचा टायर ताशी १०० किलोमीटर वेगाने मिनिटाला साधारण साडेआठशे फेरे घेतो, आणि हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू प्रमाणापेक्षा जास्त दबते आणि पुन्हा ताठ होते. या सततच्या वाकण्यातून उष्णता तयार होते. समृद्धीच्या सरळ, मोकळ्या सिमेंटच्या रस्त्यावर, जिथे कारला १२०ची वेगमर्यादा आहे, तिथे तासन्‌तास वेग उतरत नाही आणि टायरला निवायला उसंत मिळत नाही. जास्त हवाही चांगली नव्हे: मधला पट्टा झिजतो, गाडी खड्ड्यांत आपटते आणि रस्त्यावरची पकड कमी होते.

निघण्याच्या दिवशी पहाटे पाच वाजता, डिकीत बॅगा आणि हापूसच्या दोन पेट्या ठेवून झाल्यावर, पुढे ३३ आणि मागे ३६ केले. छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धीवर चढलो आणि मी काटा १००वर ठेवला. दुपारी एका थांब्यावर मोजले तर पुढे ३९ आणि मागे ४२. तिथल्या पंपावरच्या माणसाने मनापासून काळजीने सांगितले, “साहेब, फार झाली, उन्हाचे दिवस आहेत, थोडी सोडून देतो.” मी त्यांचे आभार मानून नको म्हटले. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवावी, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे, आणि तो उलटा आहे. तापल्यावर दाब वाढणे टायर बनवताना गृहीत धरलेले असते. तेव्हा पुढची हवा ३३पर्यंत सोडली असती तर निवल्यावर २८च्या आसपास उरली असती, आणि पुढच्या प्रवासात टायर आणखी तापला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला, तीस अंश तापमानात, मोजले तर पुढे ३४ आणि मागे ३७ आले. पुण्याच्या पहाटेपेक्षा तिथली सकाळ सहा-सात अंशांनी गरम होती, म्हणून एक पीएसआयचा हा फरक मी तसाच राहू दिला. परत आल्यावर आई-बाबा त्यांच्या घरी गेले, डिकी रिकामी झाली, आणि पुढच्या रविवारी चारही चाके पुन्हा ३२वर आणली. आता दर पंधरा दिवसांनी चारही आकडे वहीत लिहितो. डिसेंबरमध्ये पुण्यातली पहाट दहा-बारा अंशांवर आली, तेव्हा गळती नसतानाही प्रत्येक चाक दोन पीएसआयने उतरले आणि तेवढी हवा भरावी लागली. नव्या टायरच्या कडा आणि मध्य, दोन्हीकडची नक्षी अजून बोटाला सारखीच खोल लागते.