नव्वद सेकंद

सोमवार, ९ जून २०२५

काल झोपायला एक वाजून गेला. साडेसहाला फ्रेंच ओपन टेनिसची फायनल सुरू झाली, सिनर विरुद्ध अल्काराझ, तेव्हा आईला सांगितलं होतं, साडेनऊपर्यंत आटपेल, मग पानं घेऊ. पहिले दोन सेट सिनरने खिशात घातले तेव्हा शब्द पाळला जाईल असं वाटतही होतं. शेवटी ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोरच बसलो, आणि आमटी गार झालीय हे चौथ्या सेटमध्ये कळलं. आई झोपायला जाताना डोकावली. "अजून तेच दोघं?"

तेच दोघं. पाच तास एकोणतीस मिनिटं. फ्रेंच ओपनची इतकी लांब फायनल आजवर झाली नव्हती.

पण मला लिहायचंय ते चौथ्या सेटबद्दल. सिनर ५-३ ने पुढे, सर्व्हिस अल्काराझची आणि स्कोअर लव्ह-फॉर्टी, शून्य-चाळीस. म्हणजे सिनरला तीन चॅम्पियनशिप पॉइंट, त्यातला एक जिंकला की जेतेपद. तिन्ही गेले. गेम अल्काराझने घेतला, ५-४ झालं आणि दोघं बाजू बदलायला निघाले. आता सिनर बाकावर बसणार आणि उठून जेतेपदासाठी सर्व्हिस करणार. मधे नव्वद सेकंद. अख्ख्या सामन्यात मला काही बघायचं होतं तर ती नव्वद सेकंदं. टॉवेल तोंडावर घेतो का, पाणी पितो का, नजर कुठे असते.

मला दिसली जाहिरात. मग दुसरी. परत आलो तेव्हा सिनर बेसलाइनवर, कोर्टाच्या मागच्या रेषेवर, चेंडूला टप्पे देत उभा. तो गेम त्याने गमावला. कसा गमावला ते दिसलं, पण तो गमावायला सुरुवात कुठे झाली ते बहुतेक त्या बाकावर होतं.

टीव्हीला टेनिसमधली रिकामी जागा सोसत नाही. दोन पॉइंटांच्या मधे पंचवीस सेकंद असतात, त्यात रिप्ले, आकडे, प्रेक्षकांतला कुणी सिनेनट. (पॉइंट चालू असताना कॉमेंटेटर गप्प बसतात, एवढं मात्र त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे. क्रिकेटवाल्यांनी शिकावं.) आणि तो मागून-वरून लावलेला कॅमेरा! त्यात कोर्ट इस्त्री केल्यासारखं सपाट दिसतं. अल्काराझचा फोरहँड नेटच्या किती वरून जातो आणि मातीवर पडून कसा उसळतो, हे रिप्लेत खालचा कॅमेरा लावतात तेव्हाच कळतं. चार पॉइंट तरी थेट तिथून दाखवा की.

पुण्यात बालेवाडीला टाटा ओपनची २०१९ ची फायनल बघितली होती, केव्हिन अँडरसन विरुद्ध इवो कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकला, म्हणजे ६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमला. दोघंही दोन मीटरच्या वरचे, कार्लोविच तर २.११. सर्व्हिस, पॉइंट, सर्व्हिस, पॉइंट. घरी असतो तर दहाव्या मिनिटाला चॅनल बदललं असतं. तिथे मात्र तीन सेट जागचा हललो नाही. चेंडूचा आवाज आधी पोटात जाणवायचा. आणि मधल्या वेळात कुणीही माझी मान दुसरीकडे वळवत नव्हतं. एकोणचाळीस वर्षांचा माणूस हळूहळू चालत बेसलाइनकडे जातो, हे मी मनसोक्त बघू शकत होतो. ती स्पर्धा आता पुण्यात होत नाही, याचं वाईट वाटतं.

सगळा दोष चॅनलवाल्यांचा असंही नाही म्हणा. १४ जुलै २०१९ ला विम्बल्डनमध्ये फेडररचे दोन चॅम्पियनशिप पॉइंट गेले तेव्हा मी लॉर्ड्सवरचा वर्ल्डकप बघत होतो. रिमोट माझ्याच हातात होता.

आज सकाळी हायलाइट्स लावले. लव्ह-फॉर्टीनंतर तीन पॉइंट धडाधड, आणि लगेच सिनरची सर्व्हिस. बाकच नाही. जाहिरातसुद्धा नाही.

आईने चहा देताना विचारलं, कोण जिंकलं? म्हटलं, अल्काराझ, पाचव्या सेटचा टायब्रेक १०-२. पण एकूण पॉइंट सिनरचे जास्त, १९३ ला १९२.

"मग तो हरला कसा?"

सेट, गेम, पॉइंट असं समजावायला बसलो आणि आठ-दहाची बस गेली.