या

मंगळवार, रात्री साडेअकरा

परत येऊन सहा दिवस झाले. दुपारी बाबांचा चहा घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. डाव्या हातावर ट्रे, उजव्या हाताच्या पेरांनी तीनदा टकटक, मग एक पाऊल मागे सरून उभी राहिले. तोंडून 'हाउसकीपिंग' निघालं नाही, हेच नशीब.

आतून बाबा म्हणाले, "या."

मी आत गेले तर म्हणाले, "अगं, तू होय! मला वाटलं कोणी आलंय." कप उचलला आणि पुन्हा पेपरात डोकं. झालं. एवढंच झालंय. यावर वही उघडून बसण्यासारखं काय आहे ते मलाही कळत नाही.

आई म्हणाली, कूलर केवढ्यांदा घरघरतो, त्यांना काय कळणार. माई म्हणाली, सरदारांच्या वाड्यांत पोरांनासुद्धा अहो-जाहो करायचे, त्यात काय एवढं. असेल, पण आपण कुठले सरदार? आपण ग्वाल्हेरच्या दाणा ओळीतले, दोन खोल्या आणि एका गच्चीचे धनी. या घरात मला कळायला लागल्यापासून 'ये', 'ऊठ', 'सरक तिकडे' एवढंच ऐकू आलंय. 'या' हे गणपतीतल्या गुरुजींना, शिरूदादाच्या सासऱ्यांना आणि मीटर बघायला येणाऱ्याला.

सहा महिने दुबईच्या हॉटेलात ट्रेनिंगला हेच तर केलं. दिवसाला चौदा खोल्या. वाजवायचं, थांबायचं, पुन्हा वाजवायचं, आणि मग कार्ड लावायचं. ट्रॉली दारात आडवी. आधी सगळ्या चादरी-अभ्रे ओढून काढायचे, मग बाथरूम, मग पलंग, धूळ पुसायची ती पलंगानंतरच, नाही तर चादरी झटकताना उडालेली पुन्हा बसते. टबात एक केससुद्धा राहता कामा नये. पाहुण्याचं पुस्तक पालथं पडलं असेल तर तसंच ठेवायचं, पान हरवलं तर तक्रार. सुपरवायझर टीव्हीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवायची आणि ते बोट काही न बोलता माझ्या नाकासमोर धरायची. पहिल्या आठवड्यात एका खोलीला पन्नास मिनिटं लागायची, शेवटी सव्वीसवर आले होते. आपण येऊन गेलो हे खोलीला कळता कामा नये, असं तिथे शिकवतात. मला ते जमायला लागलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

पण बाबांनी 'या' म्हणावं?

तिथून फोनवर बाबा कधी सापडलेच नाहीत. दुपारची पाळी रात्री अकराला सुटायची, तेव्हा इथे साडेबारा. बसमधून फोन करायचे, आई अंधारात कुजबुजत बोलायची, बाबा बाजूला घोरत असायचे. सहा महिने मी बाबांचं नुसतं घोरणं ऐकलं. सुट्टी आली की आम्ही मुली एक दिरहम देऊन अब्रात, म्हणजे तिथल्या होडीत बसायचो, देरा ते बर दुबई, खाडी ओलांडून पलीकडे, आणि पुन्हा एक दिरहम देऊन परत. तेव्हा त्यांना फोन करता आला असता. केला नाही. ते जाऊ दे.

आणि 'ये' कोण म्हणालं, तर 1108 मधल्या काकू. पुण्याच्या. छातीवरची पट्टी वाचून म्हणाल्या, "मृणाल? मराठी का गं? मग आत ये ना, दारात काय उभी राहतेस!" बसवायलाच निघाल्या होत्या. पाहुण्याच्या खुर्चीवर बसायचं नसतं, मी उभीच राहिले. हातावर डिंकाचा लाडू ठेवला, तोही घ्यायचा नसतो, तो मात्र घेतला. कुठली म्हणून विचारलं. ग्वाल्हेरची म्हटल्यावर म्हणाल्या, "अगंबाई! पण मराठी किती छान बोलतेस!" 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली, आमच्या भागाला लष्कर हे नावच त्यावरून पडलं, त्यांच्या मागोमाग आलेली माणसं आम्ही. आणि मला मराठी छान येतं म्हणून शाबासकी. लाडू लिनन रूममध्ये उभ्याने खाल्ला. चांगला होता. त्यांना नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही मी, 'एन्जॉय युअर स्टे' म्हटलं.

घरात तर सगळंच तसं चाललंय. आईने मला नवा टॉवेल काढून दिला. चांगल्या कपांचा सेट काढलाय, तो चिनूच्या साखरपुड्यानंतर कपाटाबाहेर आला नव्हता. सकाळी बाड्यावरच्या बाजारातून बेडई, ती डाळ भरलेली पुरी, आणली, "तुला तिकडे मिळत नसेल." मी ताट उचलायला गेले तर म्हणे, राहू दे, दमून आली आहेस. सहा दिवस झाले, अजून किती दमलेली असणार मी?

मीही कमी नाही म्हणा. दुसऱ्याच दिवशी बाबांचा पलंग केला. चादर ताणून, चारी कोपरे घडी घालून गादीखाली, वर पांघरूणही तीन बाजूंनी खोचलेलं. वर नाणं टाकलं असतं तर उडालं असतं. रात्री आतून धडपड ऐकू आली. बाबांचे पाय आत जाईनात. "पाकीट केलंय की पलंग?" हे मात्र त्यांनी 'या'बिया न म्हणता, ओरडून विचारलं. ते आठवून आत्ता एकटीच हसतेय.

आतिथ्याचा विषय निघाला की बाबा शिंद्यांच्या जयविलास महालातल्या चांदीच्या आगगाडीवर येतात. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरायची, कुणी सुरई उचलली की थांबायची, ठेवली की पुढे. साडेतीन साडेतीन टनांची झुंबरं, 1874 चा महाल, दुबईवाले काय सांगतील आम्हाला, वगैरे. मी सांगितलं की तिथे पंचतारांकित खोलीवर रात्रीमागे 20 दिरहम 'टुरिझम दिरहम' म्हणून वेगळे घेतात. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आणि चहा?" चहा खोलीतच असतो, स्वतः करून घ्यायचा, म्हटल्यावर त्यांना पाहुण्यांची फारच कीव आली.

कॉलेजला ट्रेनिंग रिपोर्ट द्यायचाय. 'आत्मसात केलेली कौशल्ये' या रकान्यात काय लिहू? दार वाजवणे.

आणि खरं तर त्यांनी तरी काय म्हणायला हवं होतं? घरातलं कोणी असं मोजून वाजवतं का? माई तर बाहेरूनच हाका मारत शिरते. चिनू पायाने ढकलते. परकं माणूस वाजवतं तसं मी वाजवलं, बाबांनी परक्या माणसाला म्हणतात ते म्हटलं. हिशेब बरोबर आहे. तरी टोचतंय.

बुधवार, सकाळ

आज ठरवून नाही वाजवलं. ट्रे घेऊन कोपराने दार ढकललं आणि सरळ आत. बाबा बनियनमध्ये, एक पाय पँटीत, एका पायावर उडी मारत कपाटामागे.

"अगं! दार वाजवायची काही पद्धत आहे की नाही?"

अर्धा चहा फरशीवर. पुसून घेतला, खिडकीपासून दाराकडे, मागे मागे सरत.