कणकुंबीला कोळी हुडकायला

२०२१ साली ठाणे-कल्याण भागातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 'आयसियस तुकारामी' हे नाव मिळालं. २६/११ ला कसाबला धरून ठेवताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. एवढ्या गजबजलेल्या भागात नवी जात सापडते, तर मलप्रभा नदीच्या उगमाशी, आमच्या खानापूर तालुक्यातल्या रानात काय काय असेल?

ऑक्टोबरात कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या मित्रासोबत त्या उगमाजवळची कणकुंबी गाठली. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणारी बस चालते. परतीची वेळ मात्र उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

माऊलीच्या देवळात नमस्कार करून निघालो. घराच्या अंगणात बसलेल्या आजींनी हाक मारली, "काय हुडकाय लागलाय रे?" कोळी म्हटल्यावर त्यांनी परसातला पेरू दाखवला. मित्राने छत्री उलटी करून फांदीखाली धरली आणि काठीने दोनदा हलकेच टकटक केली. छत्रीत पडला जेमतेम पाच मिलिमीटरचा, तपकिरी, कपाळावर पांढरी पट्टी असलेला उड्या मारणारा कोळी. मी बोट जवळ नेलं तसा तो अख्खा वळला आणि समोरच्या दोन टपोऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला. मग उडी! मागे रेशमाचा धागा चमकला. हे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत. पायांतल्या द्रवाचा दाब एकदम वाढवून झेप घेतात, आणि हा धागा चुकलेल्या झेपेतही त्यांना धरून ठेवतो.

अशी पट्टी मित्रानेही पाहिली नव्हती. माझी छाती धडधडत होती. त्याने पारदर्शक डबीत घेऊन भिंगाखाली वरून-खालून पाहिलं आणि म्हणाला, "पोर आहे अजून." प्रौढ नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांची टोकं फुगीर असतात, मादीच्या पोटाखाली जननेंद्रियाची खूण असते. इथे दोन्ही नव्हतं. जात ठरते ती सूक्ष्मदर्शकाखाली याच भागांवरून, रंगावरून नाही. मग वर्णन छापून यावं लागतं आणि नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. म्हणून नुसता फोटो टाकून 'नवी जात' म्हणू नका. आम्ही त्याला त्याच झाडावर सोडला.

जाणाऱ्यांनी सकाळी दहाच्या सुमारास, ऊन पानांवर आल्यावर बघायला लागावं. भिंग आणि मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स पुरते, पण धुक्यात लेन्स ओली होते, सुती फडकं हवंच. माझे निम्मे फोटो त्यातच गेले. जळवांसाठी लांब मोजे घाला. शेजारच्या दोडामार्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत आणि तो गोचिडीतून पसरतो, म्हणून घरी आल्यावर अंग नीट तपासा. जवळच्या भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवू नका, कुठलाही जीव उचलू नका. परसात, बांधावर जायचं तर आधी मालकाला विचारा.

आजींनी जाताना पेरू दिले. त्या झाडाची जागा आणि तारीख वहीत लिहून ठेवली आहे. पोर मोठं झालं असेल अशा बेताने पुन्हा जाणार.