काट्यापायी गेलेले सात आठवडे

मेचा शेवट ते जुलैचा मध्य. दक्षिण जर्मनीत ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवणाऱ्या कुणालाही या दिवसांची किंमत विचारा. श्वाबियन आल्पच्या पठारावर दिवस लांब असतात, थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, भरवशाचे असतात, आणि सिल्व्हर बॅज या ग्लायडिंगमधल्या बिल्ल्यासाठीचं ५० किलोमीटरचं उड्डाण करायला हेच दिवस सगळ्यात चांगले. नेमके हेच सात आठवडे माझ्या एलएस४ ग्लायडरच्या पॅनेलवर ५७ मिलिमीटरचं गोल भोक होतं आणि त्या भोकातला यांत्रिक व्हेरिओ, म्हणजे आपण किती वेगाने चढतोय किंवा उतरतोय हे काट्याने दाखवणारं यंत्र, एका दुरुस्ती केंद्राच्या कपाटात पडून होतं.

झालं असं. मेमधल्या एका दुपारी मी घरच्या मैदानापासून १८ किलोमीटरवर होतो, मैदानापेक्षा ११०० मीटर उंच. फ्लाइट कॉम्प्युटरचा पडदा अचानक काळा पडला, पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक व्हेरिओचा आवाज थांबला. बॅटरी रात्रभर चार्जरला लावलेली होती, पण जुनी झाली होती. तोवर घरी पोचायला किती उंची लागेल हे तो पडदाच मला सांगत असे. आता उरला यांत्रिक व्हेरिओ. याला वीज लागत नाही. आसनामागे एक थर्मास बाटली असते, साधारण अर्ध्या लिटरची. आपण वर चढलो की बाहेरचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा नळीवाटे व्हेरिओतून शेपटीवरच्या नळकांड्याकडे बाहेर निघते, आणि जाता जाता काटा वर ढकलते. खाली जाताना याच्या उलट.

मी नाक घराकडे वळवलं आणि ताशी १३० ने निघालो. काटा सांगत होता, सेकंदाला दीड मीटर खाली. ठीक वाटलं. पण पोटात काहीतरी खटकत होतं, म्हणून मनगटावरचं घड्याळ आणि आल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) दोन्हींवर नजर ठेवली. सेकंदकाटा एक फेरा पूर्ण करेपर्यंत १८० मीटर गेले होते. म्हणजे सेकंदाला तीन. काटा निम्मं सांगत होता. मी वेग कमी केला, पडत्या हवेच्या पट्ट्यातून बाहेर आलो, आणि मैदानावर पोचलो तेव्हा जेमतेम १५० मीटर उरले होते. नेहमीचा फेरा न घेता सरळ उतरलो. हात थरथरत होते.

म्हणून पहिला सल्ला हाच: आल्टिमीटर आणि घड्याळ. एक मिनिट मोजा, साठने भागा. कुठलाही व्हेरिओ खरं सांगतोय का, हे यावरून कळतं. इलेक्ट्रॉनिक्स चालू असतानाच हे करून बघा. मी कधीच केलं नव्हतं. यांत्रिक काट्याकडे मी दोन वर्षं बघितलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी व्हेरिओ काढून पाठवला. उघडी राहिलेली नळी नीट बंद करायला विसरू नका, नाहीतर त्याच नळीवर चालणारी दुसरी यंत्रंही चुकतात. केंद्राच्या फॉर्मवर मॉडेल, क्रमांक, मोजपट्टीची मर्यादा आणि तक्रारीसाठी एक ओळ. त्या ओळीत मी लिहिलं, ‘वेग वाढला की खाली जाणं कमी दाखवतो.’ हेच वाक्य मी आजही त्यांच्यासमोर ठेवायला तयार आहे, कारण सगळं उत्तर त्यातच होतं.

पहिले दोन आठवडे पोच नाही. फोन केला की मुख्य माणूस रजेवर. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, ‘रांगेत आहे.’ त्या रविवारी पठारावर ढगांची सरळ रांग लागली होती. क्लबातली पोरं तीनशे-तीनशे किलोमीटर करून आली, आणि मी मैदानाच्या डोक्यावर गोल फिरत राहिलो, कारण पॅनेलवरच्या त्या भोकासकट दूर जायचं नाही हे मी स्वतःशी ठरवलं होतं. चौथ्या आठवड्यात खोकं परत आलं. आत व्हेरिओ, एक कागद आणि तपासणीचं बिल. कागदावर ‘दोष आढळला नाही’. बसवला, उडालो, काटा तसाच खोटा. पुन्हा पाठवला, पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा तीन आठवडे, पुन्हा तेच वाक्य आणि दुसरं बिल. दोन्ही वेळा त्यांनी यंत्र बाकावर ठेवून तपासलं आणि ते बाकावर बरोबरच चालत होतं. एकदाही कुणी विचारलं नाही की बाटली आणि नळ्या तपासल्या का. फॉर्मवर तो एक प्रश्न असता तर माझा जून वाचला असता.

उत्तर सापडलं क्लबच्या हँगरमध्ये, दहा मिनिटांत. आमच्याकडे एक सत्तरीचे सभासद आहेत, ज्यांनी कॉम्प्युटर नसलेल्या काळात शेकडो तास काढलेत. त्यांनी माझं वाक्य ऐकलं आणि म्हणाले, ‘मग बाटलीकडे गळतंय.’ शेपटीवरच्या नळकांड्यात वेग वाढेल तसा दाब कॉकपिटपेक्षा कमी होतो. बाटलीच्या बाजूला फट असेल तर कॉकपिटमधली हवा तिथून आत शिरते आणि व्हेरिओतून नळकांड्याकडे ओढली जाते. काट्याला वाटतं आपण चढतोय. जितका वेग जास्त, तितकं हे खोटं मोठं.

त्यांनी पाच मिलिलिटरची सिरिंज शेपटीकडच्या नळीला जोडली आणि दट्ट्या अगदी सावकाश ओढला, एका मिलिलिटरला पाच-सहा सेकंद. काटा वर गेला. दट्ट्या धरून ठेवल्यावर तो शून्यावर यायला हवा होता. आला नाही, मधेच रेंगाळला. मग त्यांनी बाटलीच्या बुचाजवळ नळी वाकवली आणि मला बोट लावून बघायला सांगितलं. केसाएवढी चीर. रबर कडक झालं होतं. (ही तपासणी करताना नळीत तोंडाने फुंकू नका आणि सिरिंज झटक्याने ओढू नका. आतली पाती नाजूक असते.)

राहिलेलं सांगतो. घरी पोचायला किती उंची लागेल हे नकाशावर बघण्यासाठी एक पारदर्शक तबकडी मी स्वतः कापली आणि ती करताना फार समाधान वाटलं. १:५,००,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५ किलोमीटर. एलएस४ चा ग्लाइड कागदावर चाळीसास एक आहे, म्हणजे एक मीटर उंचीत चाळीस मीटर अंतर; मी वीसच धरतो. म्हणजे सेंटिमीटरला २५० मीटर. तबकडीच्या केंद्रावर उतरण्याआधीच्या फेऱ्यासाठी २५०, एक सेंटिमीटरवरच्या पहिल्या वर्तुळावर ५००, मग ७५०, १०००. केंद्र मैदानावर ठेवलं की उत्तर समोर. समोरून ताशी वीसचा वारा असेल तर सेंटिमीटरला ३०० च्या वर धरा. आकडे मैदानापासूनच्या उंचीचे आहेत. आल्टिमीटर समुद्रसपाटीवर लावला असेल तर मैदानाची उंची आधी वजा करा.

व्हेरिओभोवतीची मॅक्रेडी रिंग, म्हणजे किती वेगाने उडायचं हे सांगणारी फिरती कडी, हीही मी आता वापरतो. पॉल मॅक्रेडी १९५६ मध्ये ग्लायडिंगचे जगज्जेते झाले. माणसाच्या पायांच्या जोरावर उडणारं गॉसमर काँडॉर पुढे त्यांनीच बनवलं. पुढच्या थर्मलमध्ये जेवढा चढ अपेक्षित असेल तिथे रिंगची खूण आणायची, मग काट्यासमोर जो आकडा येईल तो वेग ठेवायचा. पण काटा खोटा असेल तर रिंगही खोटीच.

होकायंत्राजवळ मोबाइल ठेवू नका. थर्मलमध्ये गोल फिरताना होकायंत्रावर विश्वासही ठेवू नका. आधी डोंगर किंवा गाव धरून सरळ व्हा, मग बघा. कॅनपीवरचा, म्हणजे कॉकपिटच्या काचेवरचा, लोकरीचा धागा विमान आडवं घसरतंय का ते दाखवतो; तो मात्र काही मागत नाही, फक्त पावसात चिकटतो. लहानपणी हडपसरच्या मैदानाच्या कुंपणाबाहेरून ग्लायडर बघायचो, तेव्हा त्या काचेवर असा एक धागा असतो हे माहीतही नव्हतं.

ऑगस्टमध्ये ५० किलोमीटर झाले. पडदा चालू होता, पण शेवटचे वीस किलोमीटर मी तो झाकून तबकडीवर आलो. काटा आणि घड्याळ जुळत होतं. दुरुस्ती केंद्राला मी लिहिलं की फॉर्मवर बाटली आणि नळ्यांचा प्रश्न घाला. अजून उत्तर नाही. नवी नळी मीटरभरही लागली नाही. बुचाजवळ मी एक चिकटपट्टी लावली आहे, त्यावर नळी बदलल्याची तारीख आहे.