सुइसेकी नोंद, महिना 14: दगडाची समोरची बाजू चुकली

सुइसेकी म्हणजे निसर्गाने घडवलेला दगड डोंगर-तळ्यासारखा मांडून पाहायची जपानी कला. त्यासाठी जपानातल्या इबी नदीतून आणलेल्या गोट्याची समोरची बाजू मी चुकीची धरली होती. कळायला चौदा महिने लागले.

लांबी 19 सेंटिमीटर, रंग काळपट करडा, एका अंगाला पांढऱ्या गारेची बारीक शीर. ती शीर मला धबधब्यासारखी वाटली, म्हणून ती पुढे घेऊन अक्रोडाची बैठक, म्हणजे दाइझा, कोरला. मग नागोयातल्या आमच्या गॅलरीत वाळूच्या ताटात, त्याच ठेवणीत, योसेकी, म्हणजे दगडावर जुनेपणाची झाक आणणं, सुरू: रोज पाणी, ऊन, बास. तेल लावून चकाकी आणणारे आणोत, मला ती खोटी वाटते.

परवा पाणी घातलं, चहा टाकायला आत गेलो. परत येतो तर सगळा दगड सुकलेला, पण मागच्या खळग्यात चमचाभर पाणी तसंच! वाकून त्या बाजूने पाहिलं तर दोन शिखरं आणि मधे तळं. ही तर मिझुतामारी, म्हणजे पाणी साठवणारा दगड. आजोबांच्या पंचायतनातल्या लाल शोणभद्रात गणपती नेमका कुठे, हे शोधण्यात माझं लहानपण गेलं; तरी ही चूक!

नुसता फिरवून भागत नाही. दगड बघणाऱ्याकडे किंचित झुकलेला हवा, आणि माझा आता पाठीकडे रेलतोय. खाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून पाहिल्या: पाच अंशांना तळं सांडतं, तीनला टिकतं. तीनच ठेवले. म्हणजे जुनी खाच बाद.

तळ कापून सपाट केला तर तासाभराचं काम, आणि असे कापलेले दगड जपानातही सर्रास मिळतात. पण ज्या शहरातल्या तोकुगावा संग्रहालयात गो-दाइगो सम्राटाचा म्हणून सांगतात तो ‘युमे नो उकिहाशी’ नावाचा प्रसिद्ध सुइसेकी दगड आहे, तिथे राहून करवत उचलायची लाज वाटते.

तेव्हा नवं लाकूड, तीच पद्धत. दगडाच्या तळाला बायकोची जुनी लिपस्टिक फासायची, खाचेत दाबायचा, उचलायचा, आणि जिथे लाल ठिपका उमटला तेवढंच पटाशीने खरवडायचं. पाय शेवटी, वजन पडतं तिथेच. मागच्या वेळी दिसायला बरे म्हणून टोकांना दिले आणि दगड डुगडुगत राहिला.

आज पंचवीस वेळा दाबून झालं. डावीकडे नीट बसलाय, उजवीकडे अजून पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आहे.