डॅनी तपासणीला आला नाही

आमचं कोर्ट गुन्ह्यात अडकलेल्या माजी सैनिकांसाठीचं. ते दहाला बसतं, पण खरी वादावादी नऊलाच होऊन जाते. जज्जसाहेबांच्या मागच्या खोलीत लांब टेबलाभोवती सरकारी वकील, बचावाचे वकील, प्रोबेशन ऑफिसर आणि मी. मी व्हीएची, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याची समाजसेविका. पगार खात्याचा, बसायचं कोर्टात. लॅपटॉपवर खात्याच्या नोंदी उघड्या असतात: कोणी समुपदेशन चुकवलं, कोणाच्या गोळ्या संपल्या, पुढची वेळ कधीची. डॉक्टरांच्या खोलीत कोण काय बोललं ते मात्र मी इथे सांगत नाही. सैनिकाने सही करून दिलेल्या संमतीपत्रात जेवढं बसतं तेवढंच बोलायचं.

त्या मंगळवारी यादीत डॅनी होता (नाव बदललंय). मरीन, अफगाणिस्तानात हेल्मंदला दोनदा जाऊन आलेला. दारू पिऊन गाडी चालवली आणि अडवणाऱ्या पोलिसाला ढकललं, हा गुन्हा. तो त्याने कबूल केला होता आणि शिक्षा थांबवून ठेवली होती. उपचार, लघवीच्या अचानक होणाऱ्या तपासण्या आणि दर पंधरा दिवसांनी याच जज्जसाहेबांसमोर हजेरी, हे सगळं दीड वर्ष पाळलं तर आरोप सौम्य होणार. नाही पाळलं तर तुरुंग. पहिले काही महिने गडी सरळ चालला होता. आता सोमवारची तपासणी चुकवून बसला.

सरकारी वकीलबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं: दोन आठवडे आत टाका. त्या पुढे म्हणाल्या, "याच्या जागी कधीच सैन्यात न गेलेला मेकॅनिक असता तर त्याला एवढीही संधी मिळाली नसती." हे खरं आहे, आणि मला त्यावर चोख उत्तर कधीच सापडलेलं नाही. मेकॅनिकलाही द्या की संधी, एवढंच मी म्हणू शकते. पण तुरुंगाबद्दल मला बोलावंच लागलं. माणूस आत गेला की व्हीएचा उपचार थांबतो. कैदेतल्या माणसाच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारी तुरुंगाची, आमच्या खात्याची नाही. म्हणजे ज्या दुखण्यामुळे तो चुकला, त्याच दुखण्याचं औषध दोन आठवडे बंद.

माजी सैनिकांच्या कोर्टाचा हा प्रकार सुरू झाला तो आमच्याच न्यू यॉर्क राज्यात, बफेलोला, जानेवारी २००८ मध्ये. अलास्कात अँकरेजला २००४ पासून असं काम चालू होतं, पण देशभर नक्कल झाली ती बफेलोची. तिथले जज्ज रॉबर्ट रसेल व्यसनींचं आणि मनोरुग्णांचं कोर्ट चालवत. त्यांच्यासमोर एक माजी सैनिक यायचा, खाली मान घालून, हूं की चूं नाही. कोर्टातल्या कामात व्हिएतनामला जाऊन आलेले दोघे होते. रसेलनी त्यांना सांगितलं, याला जरा बाहेर नेऊन बोला. परत आला तेव्हा तो सैनिकासारखा ताठ उभा राहिला आणि प्रयत्न करतो म्हणाला. त्यातूनच मेंटॉरची पद्धत आली. प्रत्येकाच्या जोडीला एक जुना सैनिक, बिनपगारी. मेंटॉर सकाळच्या बैठकीला नसतो आणि तिथे काही कळवतही नाही. माझ्या मते सगळ्या यंत्रणेतला सर्वात कामाचा माणूस तोच.

मी साताऱ्याची. आपशिंगे मिलिटरी गाव आमच्यापासून लांब नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान पडले, म्हणून नावातच मिलिटरी. आमच्याकडे निवृत्त फौजी रात्री ओरडत उठला तर 'लष्करातली सवय' म्हणून घर पुन्हा झोपतं. कँटीनची रम मोजून मिळते, पण मोजून प्यायली जात नाही, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

दहा वाजता डॅनीला पुकारलं. हात मागे, पाय फाकलेले, नजर भिंतीवर. जज्जसाहेबांनी तपासणीचं विचारलंच नाही. म्हणाले, "झोप किती लागते?" डॅनी गप्प. मागच्या बाकावरून त्याचा मेंटॉर उठला, सत्तरी ओलांडलेला, गुडघे धरत आला आणि काही न बोलता शेजारी उभा राहिला.

"शनिवारी प्यायलो," डॅनी म्हणाला. "सोमवारी सापडलो असतो, म्हणून आलो नाही. झोप दोन तास."

जज्जसाहेबांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. प्यायल्याबद्दल उपचार वाढवायचा, राहून उपचार घेण्याच्या विभागात पाठवायचं. तपासणी टाळल्याबद्दल शिक्षा: आज कोर्ट उठेपर्यंत ज्युरीच्या खुर्चीत बसायचं आणि समोर येणारी प्रत्येक केस ऐकायची. सरकारी वकीलबाईंनी विरोध नोंदवला. तो नोंदवला गेला आणि पुढचं नाव पुकारलं.

राहण्याच्या विभागात जागा मिळवणं माझं काम. कोर्टातूनच फोन लावला. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, आणि दारू दोन्ही एकत्र बघणारा विभाग हवा होता. एकाचा उपचार होईस्तोवर दुसऱ्याला थांबवण्यात अर्थ नसतो. जेवणाच्या सुट्टीआधी गुरुवारची जागा पक्की झाली.

बाहेर व्हरांड्यात त्याची बायको थांबलेली. वाटलं आभार मानेल. तिने विचारलं, "तो आत असेपर्यंत घरभाडं कोण भरणार?" आणि मग, "दारू सोडून तो घरी येईल ते ठीक, पण मी त्याला घरात घ्यायचंच असं कोर्टाने ठरवलंय का?" नाही, म्हटलं, ते कोर्ट ठरवू शकत नाही, तुम्ही ठरवायचं. तिने मान हलवली. भाड्यासाठी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, माजी सैनिक कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि त्याला डीडी-२१४, म्हणजे सेवामुक्तीचा कागद, जोडावा लागतो. तो ट्रकच्या डॅशबोर्डमध्ये आहे, ती म्हणाली, आणि ट्रक पोलिसांच्या ताब्यात. म्हणून आम्ही आधी ट्रक सोडवायचा फॉर्म भरायला घेतला.