आमची वाटचाल : कोस्टरच्या मागचा तिकोनी तुकडा

आमचा धंदा सुरू झाला तो दुसऱ्यांच्या उरलेल्या पैशांवर. म्हणजे बघा, अम्युझमेंट पार्क वाढवायचं ठरलं की मालक आधी मोठी राइड बघतो, रोलर कोस्टर नाहीतर उंचावरून धाडकन खाली सोडणारा ड्रॉप टॉवर नाहीतर एखादी भव्य डार्क राइड, म्हणजे अंधाऱ्या इमारतीतून गाडीत बसवून फिरवणारी, तिचं ड्रॉइंग येतं, तिचं बारसं होतं, पोस्टरसुद्धा छापून होतं आणि मग सगळ्यात शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं की अरे कोस्टरच्या मागे एक तिकोनी तुकडा मोकळा राहिलाय, थोडे पैसेही शिल्लक आहेत, तर तिथे "काहीतरी छोटं" बसवून टाका. ते काहीतरी छोटं म्हणजे आम्ही. टी-कप म्हणजे माणसं बसवून गरगर फिरणारे मोठे कप, मेरी-गो-राउंड, गोल फिरणारी विमानं, डॅशिंग कार.

मी ड्रॉइंगवाला, पार्टनर फिटर. दोघंही नोकरी सोडून यात पडलो. पहिली काही वर्षं नवीन राइड बनवायला कोणी देईना, त्यामुळे जुन्या राइड्स दुरुस्त करायचो, बेअरिंग बदल, गिअरबॉक्स उघड, फायबरचे घोडे घासून परत रंगव. त्या कामात एक फायदा झाला, राइड कुठे झिजते ते कळलं. मोटर वगैरे नंतर, आधी झिजतात दरवाजे, कड्या, बेल्टचे बक्कल. कारण दिवसभर उघडझाप त्यांचीच चालते. याचा अर्थ पुढे फार उशिरा डोक्यात शिरला.

पहिली बऱ्यापैकी मोठी ऑर्डर मिळाली ती एका नवीन कोस्टरच्या बाजूला तीन छोट्या राइड्सची. ओपनिंगच्या दिवशी गर्दी अशी की विचारू नका, आणि साडेअकराला कोस्टर बंद. झालं काही नव्हतं, एका सेन्सरने शंका घेतली आणि कंप्युटरने सगळ्या ट्रेन जागच्या जागी थांबवल्या, ते त्याचं कामच आहे, ट्रॅकचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एकच ट्रेन हा नियम, शंका आली की सगळं थांबणार. पण रांगेतली माणसं काय हवेत विरतात का, ती सगळी आमच्या तीन राइड्सवर आली. मी आणि पार्टनर लांबून बघत होतो, आधी फार भारी वाटलं, आपल्या राइडला एवढी रांग! अर्ध्या तासाने दोघंही गप्प.

कारण कोटेशनमध्ये आम्ही लिहून दिलेलं की विमानांची राइड तासाला 320 माणसं घेईल. कागदावर बरोबरच होतं, 16 सीट, दीड मिनिट फेरी, दीड मिनिट चढ-उतार, तीन मिनिटांचं एक चक्र, तासाला 20 चक्रं, 16 गुणिले 20. आता प्रत्यक्षात काय होतं, गेट उघडलं की निम्मी पोरं निळ्या विमानाकडे पळतात, निळी दोनच, तिथे भांडण, एकीचा बेल्ट आईला लागत नाही, ऑपरेटर एकटा, तो सोळा बेल्ट ओढून बघतो (बघायलाच पाहिजे), तेवढ्यात एकाला रडू येतं, त्याला उतरवा. चक्र गेलं पाच मिनिटांवर. म्हणजे तासाला 12 चक्रं, 192 माणसं, तीही सगळ्या सीट भरल्या तर. आणि शेजारचा बंद पडलेला कोस्टर 24 सीटची ट्रेन दर मिनिटाला सोडणारा, म्हणजे तासाला 1440. त्याची गर्दी झेलायला आमच्या विमानांसारख्या साडेसात राइड्स लागल्या असत्या.

त्या दिवसापासून कोटेशनमध्ये दोन आकडे लिहायला लागलो, कागदावरचा आणि घड्याळ लावून मोजलेला. एक-दोन ऑर्डरी यामुळे हातच्या गेल्या, दुसऱ्याचा आकडा मोठा दिसतो ना. जाऊ दे.

तोवर माझं मत असं होतं की छोट्या राइड्स म्हणजे जेवढ्या जास्त तेवढं चांगलं, आणि क्लायंटला तेच घोकून दाखवायचो. एका पार्कच्या मार्केटिंगवाल्या मॅडमनी मला सरळ विचारलं, टी-कपसाठी कोणी घरून निघतं का हो? उत्तर नव्हतं माझ्याकडे. नाही निघत. माणूस निघतो ते मोठ्या राइडसाठी. पण तिथे पोचल्यावर आठ-दहा तास काढायचे असतात आणि मोठी राइड त्यातली तीन मिनिटं देते, बाकी वेळ बाकीच्यांनी भरायचा. आम्ही आता सरळ हिशोब मांडतो, भर गर्दीच्या दिवशी आत किती माणसं असतील आणि प्रत्येकाला तासाला निदान दीड गोष्ट तरी मिळते का, राइड म्हणा, शो म्हणा. एकटा कोस्टर तो आकडा कधीच गाठत नाही.

हा घोळ आपल्यासारख्या लहान लोकांचाच नाही हे कळल्यावर मला जरा धीर आला. डिस्नेने 2001 मध्ये कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर पार्क उघडलं तर पहिली तक्रार हीच की लहान मुलांना इथे काही नाही, मग 2002 मध्ये घाईने किड्यांच्या थीमचा छोट्या राइड्सचा भाग जोडला. पुढे 2012 मध्ये तिथेच कार्स लँड केलं तेव्हा मात्र एक मोठी रेसिंगची राइड आणि तिच्यासोबत दोन छोट्या, तिन्ही एकाच दिवशी सुरू. त्या दोनातली एक हवेवर तरंगणाऱ्या टायरांची, रांग मुंगीसारखी सरकायची, 2015 ला बंद करून पुढच्या वर्षी त्या जागी नाचणाऱ्या गाड्या आणल्या. छोटी राइड बदलता येते हो, तोच तिचा मोठेपणा. कोस्टरचा पाया ओतला की ओतला.

त्याच्याही आधीची गंमत म्हणजे डिस्नेलँडची कूपनं. 1955 पासून प्रत्येक राइडच्या कूपनावर ए, बी, सी अशी अक्षरं, ए सगळ्यात छोट्या राइड्सचं आणि पुढची मोठ्यांची, मग डी, आणि 1959 ला मॅटरहॉर्न नावाचा डोंगरावरचा कोस्टर, पाणबुडी आणि मोनोरेल आली तेव्हा ई. पुस्तकात सगळ्या अक्षरांची थोडी थोडी कूपनं, ई ची लवकर संपायची आणि ए, बी ची उरायची, मग लोक उरलेली वापरायला मेरी-गो-राउंडकडे वळायचे. गर्दी आपोआप पसरायची. 1982 मध्ये कूपनं गेली, एकाच तिकिटात सगळं, आणि सगळ्यात भारी राइडकडे आधी धावायला कुणालाच काही वाटेनासं झालं. तेव्हापासून गर्दी पसरवायचं काम प्लॅन करणाऱ्याच्या गळ्यात. निदान मी तरी असंच बघतो.

आमची सगळ्यात मोठी चूक याच्या नंतरची आहे. एका पार्कला चार छोट्या राइड्स दिल्या, चारही सुंदर, चारही वेळेवर, आणि चारही गोल फिरणाऱ्या. मलाच दुसऱ्या राइडनंतर गरगरायला लागलं तेव्हा ट्यूब पेटली. शिवाय चारही एकदम चिमुरड्यांसाठी. कोस्टरला उंची 120 सेंटिमीटर पाहिजे, आमच्या राइड्समध्ये मीटरभर उंचीच्या पुढचं पोर मावेना, म्हणजे सहा-सात वर्षांचं पोर दोन्हीकडून हाकललेलं. उंचीच्या पट्टीजवळ टाचा उंच करून उभं राहिलेलं पोर बघितलंय कधी? आणि ते खाली बसलं की आख्खं कुटुंब खाली बसतं, कारण त्याला सोडून कोण जाणार.

आता आमचा पहिला कागद लेआउटचा नसतोच, उंचीचा तक्ता असतो. 90 सेंटिमीटरपासून वर प्रत्येक टप्प्याला काय आहे, आजी सोबत बसू शकते का, बाप त्या सीटमध्ये मावतो का. भोकं दिसतात लगेच, बहुतेक वेळा मधलं भोक. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये फॅन्टसीलँड हा परीकथांचा भाग वाढवताना हेच केलंय, 2014 चा माइन ट्रेन कोस्टर 38 इंचांपासून चालतो, म्हणजे साधारण 97 सेंटिमीटर. आणि त्याच्या आधी, 2012 मध्येच, त्यांनी डंबो, म्हणजे गोल फिरणाऱ्या उडत्या हत्तींची राइड, दुप्पट करून टाकला होता, एकाऐवजी शेजारी शेजारी दोन, प्रत्येकाला 16 हत्ती, रांगेच्या जागी छपराखाली खेळायची जागा, हातात पेजर, वाजला की जा. हे वाचलं तेव्हा पार्टनरला फोन करून म्हटलं, अरे आपल्या निळ्या विमानाचं भांडण त्यांच्याकडेपण आहे.

पैसे कमी असलेल्या क्लायंटला मी एक वेगळं उदाहरण देतो. 2010 मध्ये युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमध्ये हॅरी पॉटरचा भाग उघडला, जगभर गाजला, पण नवीन मोठी राइड त्यात एकच, बाकी दोन कोस्टर आधीपासूनचे, नाव आणि रूप बदललेले. त्यातला छोटा तर 2000 सालचा मुलांचा कोस्टर. म्हणून जुनी राइड भंगारात काढायच्या आधी आम्हाला दाखवा म्हणतो, सांगाडा ठणठणीत असेल तर उपयोग होतो. (हो, यात आमचा धंदाही आहे, लपवत नाही.)

एक कडू आठवणही आहे. एका कामात कोस्टरचा खर्च वाढला आणि तो भरून काढायला आमच्या तीनपैकी दोन राइड्स कापल्या, तेव्हा आमचं स्टील येऊन पडलं होतं, एकीचं तर वेल्डिंगही चालू. स्टील पुढे वापरलं पण ते वर्ष फार ओढाताणीत गेलं, वर्कशॉपमधल्या पोरांचे पगार उशिरा झाले. तेव्हापासून अ‍ॅडव्हान्सशिवाय कटिंग नाही, ओळखीचा असला तरी.

राहता राहिला तो तिकोनी तुकडा. तिथे आम्ही आता राइड बसवत नाही, सरळ नाही म्हणतो. कोस्टरच्या मागे आवाज, वरून किंचाळ्या, दोन वर्षांचं पोर भेदरतं, आणि तिथवर कोणी फिरकतही नाही. छोटी राइड पाहिजे ती कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी, मोठा मुलगा बापासोबत रांगेत आणि आई धाकटीला घेऊन समोरच. तिकोनी तुकड्यात पंपरूम टाका, सावलीचे बाक टाका.

सध्या हातात एक काम आहे, एक कोस्टर आणि पाच छोट्या. पाचवी तीन वेळा खोडून झाली, तीन वेळा परत आली. यात मधल्या उंचीची एक आहे, ती खोडायला मी तयार नाही, त्यापेक्षा विमानं खोडा म्हटलं तर पार्टनर भडकला, विमानं त्याची लाडकी.

तो कुठल्याही पार्कात गेला तरी राइडमध्ये बसत नाही, स्टॉपवॉच घेऊन कठड्याला टेकून उभा राहतो, ऑपरेटरला वाटतं इन्स्पेक्शनवाला आला. बेल्ट एका हाताने लागेल असं बक्कल बसवलं, आत जायचा आणि बाहेर पडायचा रस्ता वेगळा केला, तेव्हापासून चक्र उतरत चाललंय. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, चार मिनिटं दहा सेकंद. पाचवरून इथवर आलो. आता उरलेला वेळ निळ्या विमानापाशी जातो म्हणे, सगळी विमानं निळी करायची का यावर आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही.